ओला चिरा

"हा आपला चिरा नव्हे," आई म्हणाली, आणि मोबाइल माझ्या हातात देऊन पुन्हा भाजी निवडायला लागली.

आदल्या रात्री अकराच्या सुमाराला लॅबकडून फोटोंची लिंक आली होती. कोकणातल्या सुट्टीतले दोन रंगीत रोल, छत्तीस आणि छत्तीस, बहात्तर फोटो. तीन आठवडे मी त्यांची वाट बघत होते. अंथरुणात पडल्या पडल्याच सगळे पाहून टाकले आणि हरखून गेले. सगळं कसं स्वच्छ, उजळ. सकाळी चहा झाल्यावर आईला दाखवायला बसले. मामी अंगणात रातांबे फोडतेय, मामेभावाचा मुलगा फणसाच्या बुंध्याला टेकून उभा आहे, विजयदुर्गाच्या बंदरात होड्या ओढून वर घेतल्यात. आई एकेका फोटोवर थांबत होती, माणसांची नावं घेत होती. मग रामेश्वराच्या वाटेचा फोटो आला. गिर्ये गावच्या रामेश्वराला जे गेलेत त्यांना ती वाट आठवत असेल. तांबडा जांभा, म्हणजे आमचा चिरा, फोडून काढलेली, दोन्ही अंगांना तासलेल्या दगडाच्या उंच भिंती, मधून देवळाकडे उतरत गेलेली. त्या उतारावर मध्ये आई उभी आहे, फिकट पिवळ्या साडीत, हातात मिटलेली छत्री. तासाभरापूर्वीच वळवाचा पाऊस पडून गेला होता. माझ्या मते या बहात्तरांतला हा सगळ्यात चांगला फोटो. आईने तो दोन बोटांनी मोठा केला. मला वाटलं, स्वतःचा चेहरा बघतेय. ती भिंत बघत होती.

मी पुन्हा पाहिला. चिरा करडा होता. किंचित तपकिरी, कडेला निळसर झाक. घाटावरचा काळा पाषाण उन्हात जुना झाला की दिसतो तसा काहीतरी. रात्री मला तो सुंदर वाटला होता, आणि आईने म्हणेपर्यंत त्यात काही चुकलंय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दिवसभर मला हेच टोचत राहिलं. ती वाट मी स्वतः उतरले होते, कॅमेरा डोळ्याला लावून दोन मिनिटं उभी राहिले होते. मग माझ्या डोळ्यांनी काय पाहिलं होतं?

संध्याकाळी लॅबला फोन केला. पलीकडचा मुलगा समंजस होता. "मॅडम, स्कॅनर ऑटो करेक्शन करतो. तुमच्या त्या फ्रेममध्ये सगळीकडे लालच होता, त्याला वाटलं कास्ट, म्हणजे रंगाची चुकीची झाक आलीय, त्याने काढून टाकला." हे ऐकून मी क्षणभर गप्प झाले. यंत्राचं गणित मला पुस्तकात वाचून माहीत होतं. कुठल्याही साधारण फोटोतले सगळे रंग एकत्र कालवले तर करडा रंग उरेल, असं ते धरून चालतं. बागेतला, वाढदिवसाचा, रस्त्यावरचा फोटो असेल तर हे बहुतेक वेळा जुळतंही. पण जिथे चौकटभर एकच रंग आहे तिथे यंत्र त्या रंगालाच दोष समजतं आणि विरुद्ध रंगाचं पाणी घालून तो फिका करत नेतं. हिरव्या शेताचं होतं, समुद्राचं होतं. आमच्या जांभ्याचं झालं. माझ्या आजोळची अख्खी जमीन त्या यंत्राला चूक वाटली होती.

राग त्या मुलावर नव्हता. राग होता तो रात्री अकरा वाजता खूश झालेल्या माझ्यावर.

आमच्या लहानपणी मामाकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. १२० चा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो. बारा म्हणजे सबंध मे महिना. एक फोटो काढायचा तर मामा दोन दिवस आधी सांगून ठेवायचा, आणि आम्ही पोरं अंघोळ करून, केसांना तेल लावून, खळ्यात रांगेने उभी राहायचो. रोल कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' असायचा, कधी दुसरा. संपला की मामा तो खाकी कागदात गुंडाळून एसटीच्या कंडक्टरच्या हाती कोल्हापूरला धाडायचा. तिथल्या एका स्टुडिओत त्याची ओळख होती. "रोल धुवायला गेलाय" असं मोठी माणसं म्हणायची आणि मला खरोखरच वाटायचं की कुठेतरी पंचगंगेच्या घाटावर कुणी आमचा रोल कपड्यांसारखा धूत असेल, पिळून वाळत घालत असेल. फोटो यायचे तेव्हा आम्ही पुण्याला परतलेले असायचो. शाळा सुरू झालेली, पावसाची झड लागलेली, आणि दमट झालेल्या पाकिटातून मे महिन्यातलं ऊन बाहेर यायचं. काळंपांढरं ऊन. त्यात चिरा करडाच होता, पण कुणी म्हटलं नाही की हा आपला नव्हे. करड्या फोटोतला चिरा आपोआप लाल दिसायचा. तो रंग आम्ही घालायचो, न सांगता.

मग रंगीत फोटो आले. ऐंशीच्या दशकातल्या मामेबहिणीच्या लग्नाचा अल्बम अजून माझ्याकडे आहे. त्यातली माणसं, मांडव, केळीचे खुंट, सगळं आज लालसर झालंय. त्या काळच्या कागदावरच्या रंगांत निळसर-हिरवट थर सगळ्यात आधी उडतो, अल्बम कपाटात बंद ठेवला तरी उडतो, आणि मागे उरतो तो लाल-पिवळा. म्हणजे आमच्या घरातलं कोकण गेली तीस-चाळीस वर्षं हळूहळू लाल होत चाललंय. आई तो अल्बम वरचेवर काढून बघते. आणि मग मला अशी शंका आली की ती बोलायला मी धजले नाही: आईच्या डोळ्यांत जो चिरा आहे तो खरा दगडाचा, की त्या विटत गेलेल्या कागदाचा? ती पुण्यात आली १९६८ साली, लग्न होऊन. तेव्हापासून तिचं माहेर म्हणजे वर्षातले दहा-पंधरा दिवस आणि उरलेलं वर्षभर हा अल्बम. यंत्राने तिचा रंग काढून घेतला म्हणून मी चिडले होते, पण तिच्याकडे असलेला रंग तरी कुठून आला होता? लॅबला "लाल वाढवून द्या" सांगणं सोपं होतं. किती वाढवायचा, हे मला कुणी सांगणार नव्हतं.

या सुट्टीत माझ्याकडे तीन रोल होते. दोन कोडॅक गोल्ड २०० आणि एक इलफर्डचा एचपी-फाइव्ह, काळापांढरा. कॅमेरा पेंटॅक्स के-थाउजंड, दुसऱ्या हाताचा, जड, बॅटरी संपली तरी चालणारा. रोल मी मामीच्या फ्रिजमध्ये, खारवलेल्या बांगड्यांच्या डब्याच्या शेजारी ठेवले होते, कारण मे महिन्यातली हवा त्यांना सोसत नाही. काळापांढरा रोल तिथेच धुवायचा असं मी पुण्याहून ठरवून गेले होते. रंगीत रोल धुण्यात माणसाला फारसं काही ठरवायचं नसतं. सगळीकडे तीच सी-४१ प्रक्रिया, डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, ३७.८ अंशांवर आणि सव्वातीन मिनिटं. तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी रंग बिघडायला लागतात. ते काम रोज करणाऱ्या लॅबचंच. तिथे खरी निवड पुढे, स्कॅनिंगला येते. काळ्यापांढऱ्याचं उलट आहे. त्यात निवड धुण्यातच असते. कुठलं रसायन, किती पातळ, किती वेळ, किती हलवायचं, यावर त्या फोटोचा दाणा आणि उजेड-सावली ठरते, आणि ते सगळं आपल्या न्हाणीत, आपल्या हातांनी करता येतं.

डी-७६ या डेव्हलपरचं मिश्रण पुण्यातच करून बाटलीत भरून नेलं होतं. २० अंशांना साडेसात मिनिटं. पण २० अंश कोकणात मे महिन्यात आणायचे कुठून? मामाच्या विहिरीचं पाणी तापमापकावर २८ दाखवत होतं. मामेभाऊ बंदरावरून बर्फ घेऊन आला. १ जूनपासून मासेमारी बंद व्हायची होती, त्यामुळे शेवटच्या चार दिवसांची घाई तिथे चालू होती. त्याने ओळखीच्या माणसाकडून एक लादी फोडून पोत्यात आणली. बर्फाला माशांचा वास होता. तो घमेल्यात टाकला, मध्ये बाटल्या उभ्या केल्या आणि पारा उतरायची वाट बघत न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले. रात्री, दिवा बंद करून, काळ्या पिशवीत हात घालून रोल रीळावर चढवला. घामाने बोटं चिकटत होती आणि फिल्म मध्येच अडत होती. दोनदा परत उलगडावी लागली. मग रोल धुण्याच्या डब्याएवढ्या टाकीचं झाकण लागलं आणि हात मोकळे झाले. दर मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटीपालटी करायची. बाहेर मामी विचारत होती, "झाला काय गो?" आणि मी सेकंद मोजत असल्यामुळे उत्तर देत नव्हते. शेवटी हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, आणि मग धुणं. विहीर खोल गेलेली, नळाखाली अर्धा तास सोडून द्यायला पाणी नव्हतं. कमी पाण्यात धुण्याची एक पद्धत आहे: टाकी भरून पाच वेळा उलटवायची, पाणी ओतायचं, परत भरून दहा वेळा, परत भरून वीस वेळा. तीन तांब्यांत रोल स्वच्छ होतो. मामीला हे फार पटलं. पाणी कमी लागलं म्हणजे काम शहाणपणाचं.

ओला रोल माजघरात वलणीला चिमट्याने लटकवला, खाली वजनाला दुसरा चिमटा. मामीने दिव्याखाली येऊन पाहिलं. "ह्या काय? माझा तोंड काळा कशाक?" मी निगेटिव्हचं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिचा चेहरा काही खुलला नाही. पांढरे झालेले केस काळे दिसतायत याचं मात्र तिला बरं वाटलं असावं, कारण तेवढंच तिने आईला हाक मारून दाखवलं.

त्याच दिवशी दुपारी वळीव पडला होता. पहिल्या पावसानंतरच्या रात्री वाळवीला पंख फुटतात हे मी विसरले होते. माजघरातल्या एकुलत्या एक दिव्याभोवती ती पाखरं शेकड्यांनी जमली. आईने दिवा घालवला, पडवीत परातीत पाणी घालून त्यावर कंदील ठेवला, तशी ती तिकडे वळली. पण तोवर एक पाखरू ओल्या फिल्मला चिकटलं होतं. बोट लावायची सोय नव्हती, ओला थर नखानेही खरवडतो. सकाळपर्यंत पाखरू कुठे गळून गेलं आणि चौदाव्या फोटोवर त्याचा एक पंख तेवढा राहिला. मामी विहिरीच्या काठावर रहाटाला हात लावून उभी आहे, मागे मोकळं आभाळ, आणि त्या आभाळात तिच्या डोक्यापासून वीतभर वर तो पंख. भिंगातून पाहिलं तर त्याच्या शिरा दिसतात, पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या. नंतर लॅबवाल्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, रंगीत असता तर मशीनने काढला असता. ते खरं आहे. स्कॅनर अवरक्त किरणांनी धूळ आणि चरे ओळखतो. रंगीत फिल्ममधले रंग त्या किरणांना अडवत नाहीत, धूळ अडवते. पण काळ्यापांढऱ्या फिल्ममधली चांदी स्वतःच ते किरण अडवते, त्यामुळे यंत्राला धूळ कुठली आणि मामी कुठली हे कळत नाही.

पंख अजून तिथेच आहे. संगणकावर तो पुसायला मला दोन मिनिटं लागली असती.

परतायच्या आदल्या दिवशी विजयदुर्गावर गेलो होतो. आई वरपर्यंत चढली नाही, दरवाजाशी सावलीत बसली. मी आत जाऊन साहेबाच्या ओट्यांवर उभी राहिले. गावात कुणालाही विचारा, तो सांगेल की १८६८ च्या ग्रहणात लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबाने या ओट्यांवर दुर्बीण लावून हेलियम शोधला. लहानपणी मामानेही हेच सांगितलं होतं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरंच इथून दिसलं, आणि त्या ग्रहणातच सूर्याच्या कडेच्या उजेडाच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या पट्ट्यात, हेलियमची ती तोवर अनोळखी पिवळी रेषा दिसली. पण त्या शोधाशी ज्याचं नाव जोडलं जातं तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा आंध्रातल्या गुंटूरला होता, आणि लॉकियरने ती रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली. लॉकियर विजयदुर्गाला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या घेऊन. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात त्यांना सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपायचे होते. गावाने दोन ग्रहणांचं एक करून टाकलं, आणि मला त्यात गावाची चूक काढावीशी वाटत नाही. मात्र ओट्यावर उभं राहून एका गोष्टीचा विचार मनात घोळत राहिला. त्या पट्ट्या काळ्यापांढऱ्या. त्यांच्यावर पिवळी रेषाही करडी आणि निळी रेषाही करडी. तरी कुठली रेषा कुठल्या रंगाची हे नक्की सांगता येतं, कारण प्रत्येकीची जागा ठरलेली असते. हेलियमची पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेला लागून, ५८७.६ नॅनोमीटरवर. रंग दिसत नसला तरी जागा सांगते.

खाली आले तेव्हा आई गडाच्या भिंतीवर हात ठेवून बसली होती. जांभा हाताला खरखरीत लागतो आणि उन्हातही आतून गार असतो. "हा आपल्याकडचाच दगड," ती म्हणाली. तिने तो हाताने ओळखला होता.

पुण्यात परत आल्यावर, लॅबच्या त्या फोननंतर, माझ्यापुढे तीन वाटा होत्या. लॅबकडून करेक्शन बंद करून मोठ्या आकारात परत स्कॅन करून घ्यायचं. किंवा आहेत तेच फोटो संगणकावर लाल करायचे. किंवा निगेटिव्ह मागवून घरी स्वतः स्कॅन करायचं. दुसरी वाट मी आधी करून पाहिली. करड्या चिऱ्यावर लाल ओढला तर आईची साडी नारिंगी झाली आणि आभाळ गुलाबी. यंत्राने जे काढून टाकलं होतं ते त्या छोट्या फाइलमध्ये उरलंच नव्हतं, वरून फासलेला रंग वरच राहिला. शेवटी निगेटिव्ह मागवले. अलीकडे बऱ्याच जणांना फोटो मोबाइलवर आले की निगेटिव्ह नको असतात, आणि काही ठिकाणी विचारून, काही ठिकाणी न विचारता ते टाकून देतात. हे मला सहन होत नाही. कॉप्यांच्या जुन्या पाकिटात बटर पेपरच्या पिशवीत पट्ट्या घालून दिलेल्या असायच्या, आणि आमच्या मामाने त्या बिस्किटांच्या डब्यात वर्षानुवर्षं जपल्या. स्कॅन म्हणजे एका माणसाने किंवा यंत्राने एका दिवशी केलेलं वाचन. पट्टी शिल्लक असेल तर परत वाचता येतं. मी रोल देतानाच लिहून दिलं होतं की निगेटिव्ह परत हवेत, म्हणून वाचले.

कुरिअर आलं त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. ऑफिसमधल्या एकाकडून मॅक्रो लेन्स आणली होती. खाली सपाट पांढरा प्रकाश देणारी पाटी, वर पट्टी धरणारी चौकट, त्यावर स्टँडला उलटा बांधलेला डिजिटल कॅमेरा. कॅमेरा पट्टीला अगदी समांतर हवा, नाहीतर एक कोपरा धूसर येतो. त्यासाठी चौकटीवर छोटा आरसा ठेवायचा आणि लेन्सला स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसेपर्यंत स्टँड सारखा करायचा. खिडक्यांना चादरी लावल्या. जुलैचा पाऊस चालू होता, हवेत धूळ नव्हती, हे एक बरं. एकेका पट्टीवर फुंकणी मारून फोटो घ्यायचा, पुढे सरकवायचं. २४ बाय ३६ मिलिमीटरच्या तुकड्यातून ६००० बाय ४००० ठिपके. लॅबने दिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी मला खरं हवं होतं ते यात कुठलंच यंत्र स्वतःहून रंग ठरवत नाही हे.

रंगीत निगेटिव्हवर नारिंगी झाक असते. ती आधी काढावी लागते. दोन फोटोंच्या मधली कोरी कडा निवडली की तिच्यावरून झाक किती ते कळतं. मग चित्र उलटं करायचं. इथपर्यंत काम सरळ आहे. पुढे प्रश्न येतो की या फोटोत पांढरं काय धरायचं. एक गोष्ट पांढरी ठरवली की बाकीचे रंग तिच्या हिशेबाने जागेवर बसतात. रामेश्वराच्या वाटेवर पांढरं काहीच नव्हतं, आईचे केस सोडून. मी तिच्या केसांवर टिचकी मारली. सगळं पुन्हा निळसर झालं, चिरा पुन्हा मेला. बराच वेळ मला कळेना. मग मोठं करून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की केस पांढरे नव्हतेच. दोन्ही बाजूंच्या ओल्या भिंतींवरून परतलेला उजेड तिच्या डोक्यावर पडला होता. तिचे केस, गालाची एक बाजू, छत्रीची मूठ, साडीचा काठ, सगळ्याला त्या दगडाचा हलका रंग चढला होता. तिथे उभं राहिलेल्या कुठल्याही माणसाला तो चढतो. यंत्राने दगडाचा लाल पुसताना आईवरचाही पुसला होता, आणि म्हणून ती त्या फोटोत कुठून तरी आणून उभी केल्यासारखी दिसत होती.

मी आईला हाक मारली. ती चष्मा पुसत आली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. टेबलावर कोपऱ्यात मामेभावाने दिलेला चिऱ्याचा तुकडा होता, ढासळलेल्या गडग्याचा, मुठीएवढा. रंग पडताळायला उपयोगी पडेल म्हणून मी मागून आणला होता, पण ट्यूबलाइटखाली तो पार धुरकट तपकिरी दिसत होता आणि त्याच्याशी काही जुळत नव्हतं. "किती लाल करू?" मी विचारलं. आईने पडद्याकडे बघितलं, मग तुकड्याकडे. "लाल नको. ओला कर."

मला कळलं नाही. "हा गं, आधी हा ओला कर," ती तुकड्याला बोट लावून म्हणाली. मी भांड्यातलं पाणी त्यावर ओतलं. चिरा पाणी पितो. टेबलावर फारसं सांडलंच नाही, सगळं त्याच्या भोकाभोकांत गेलं, आणि डोळ्यांदेखत तो गडद झाला. लाल म्हणावं असा नाही. आत तपकिरी, कडांना काळपट, आणि जिथे नुकताच तुटला होता तिथे कोकमाच्या आगळासारखा. शिवाय वास आला. आई वाकून वास घेत होती. मग ती पडद्याकडे वळली आणि मला सांगू लागली. वरची भिंत जुनी, पावसाने काळवंडलेली, ती वाळलेल्या रातांब्याच्या सालीसारखी हवी. खालची, पायाजवळची, उजळ. मध्ये पाणी ओघळलंय तिथे चमक हवी, पण पांढरी नको. "अल्बममधल्यासारखा करू नकोस," ती मध्येच म्हणाली. "ते फोटो उतरलेत." माझी शंका तिने अशी एका वाक्यात, मी न विचारता, बाजूला सारली. मी उजेड खाली आणत होते, हिरव्याचा एक कण काढत होते, परत घालत होते. ती "हं" म्हणायची किंवा काही म्हणायची नाही. साधारण चाळीस मिनिटांनी तिने एक लांब "हं" म्हटलं आणि साडीचा पदर सारखा केला. मी तिथे थांबले. ते सगळे आकडे मी वहीत लिहून ठेवलेत, तरी पुढच्या फोटोला ते लागू पडले नाहीत. तिथे ऊन होतं, चिरा सुका होता, परत पहिल्यापासून.

अकरा फोटो झाल्यावर ती कंटाळली. उठताना तिने प्रकाशाच्या पाटीवरची पट्टी कडेला धरून उचलली आणि खिडकीची चादर बाजूला करून उजेडात धरली. बाहेर पाऊस होता. निगेटिव्हमध्ये तीच वाट, दोन्ही भिंती मळकट हिरव्या, साडी गर्द निळी, आईचं डोकं काळंभोर. तिने बराच वेळ पाहिलं.

"हा श्रावणातला आहे," ती म्हणाली. "शेवाळ चढलंय बघ दोन्हीकडे." आणि पट्टी तशीच धरून सांगायला लागली, की या दिवसांत त्या वाटेने उतरायचं तर चपला वरच काढून ठेवायच्या आणि डाव्या भिंतीला हात लावून उतरायचं, उजवीकडून पाणी येतं.